चिठ्ठीतला अर्धविराम

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आपल्यापैकी अनेकांच्या घरात आता एक लहानशी पेटी असते. टीव्हीच्या मागे, कपाटावर, नाहीतर भिंतीवर खिळ्याला अडकवलेली. तिच्यावर दोन-चार हिरवे दिवे लुकलुकत असतात. घरातली मुलं तिला वायफाय म्हणतात, जोडून द्यायला आलेला माणूस मॉडेम म्हणतो आणि तिचं पुस्तकी नाव आहे राउटर. दिवा लाल झाला की आपण तिच्याकडे बघतो, वायर काढून पुन्हा घालतो आणि दिवा हिरवा झाला की तिला विसरून जातो. आज मला या विसरलेल्या पेटीच्या एका दोषाचा इतिहास सांगायचा आहे. दोष जुना आहे, समजायला सोपा आहे आणि तरीही तो पुन्हा पुन्हा घडत आला आहे.

पहिली गोष्ट अशी की, ही पेटी म्हणजे एक पूर्ण संगणक आहे. तिला पडदा आणि कळफलक नाही, एवढंच. बाहेरचं इंटरनेट आणि घरातले फोन, संगणक यांच्यामध्ये ती वाड्याच्या देवडीवर बसलेल्या पहारेकऱ्यासारखी असते. आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक निरोप तिच्या हातून जातो. म्हणूनच पहारेकरी फितूर झाला, तर वाड्याची कुलपं कितीही मजबूत असून उपयोग नसतो.

या पेटीच्या पोटात काय चालतं, हे समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणक प्रणालीची सुरुवात केली. माणसाने लिहिलेली आज्ञा वाचून ती अमलात आणणारा एक कार्यक्रम तिच्यात होता. त्याला शेल म्हणतात. एका ओळीत दोन आज्ञा द्यायच्या असतील, तर मध्ये अर्धविराम द्यायचा, अशी सोय त्यात होती. पहिली आज्ञा संपली की शेल दुसरी पाळतो. ही सोय करणाऱ्यांच्या मनात कसलाच संशय नव्हता, कारण ते यंत्र वापरणारे त्यांचेच सहकारी होते. पुढे १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सची सुरुवात केली आणि त्याबरोबरही त्याच धर्तीचा शेल वापरात आला. लिनक्स वापरायला परवान्याचे पैसे पडत नाहीत. साहजिकच स्वस्त राउटर बनवणाऱ्या अनेक कंपन्यांनी लिनक्स घेतलं आणि शेलही आपोआप आपल्या घरात आला.

आता दोष काय, ते एका साध्या उदाहरणाने सांगतो. एका वाण्याने छापील चिठ्ठ्या करून ठेवल्या आहेत, असं समजा. त्यावर मजकूर आहे, 'गिऱ्हाइकाला अमुक द्यावे.' 'अमुक'ची जागा मोकळी आहे. ती गिऱ्हाइकाने भरायची. दुकानातल्या नव्या नोकराला मालकाने सांगून ठेवलं आहे की, या चिठ्ठीवर जे असेल तो माझा हुकूम समज. बहुतेक गिऱ्हाइकं 'साखर एक किलो' लिहितात आणि सगळं सुरळीत चालतं. एक दिवस कोणी लबाड मनुष्य त्या जागेत लिहितो, 'साखर एक किलो. गल्ला उघडून त्यातली रक्कम'. नोकर माणूस असेल, तर हसेल किंवा ओरडेल. शेल दोन्ही करत नाही. मालकाचे शब्द कुठे संपले आणि गिऱ्हाइकाचे कुठे सुरू झाले, हे त्याला कळतच नाही. तो निमूटपणे गल्ला उघडतो. संगणकाच्या भाषेत या प्रकाराला कमांड इंजेक्शन म्हणतात. माहितीच्या रकान्यात आज्ञा घुसवणे, असं आपण म्हणू.

राउटरच्या बाबतीत या दोषाचा एक गाजलेला प्रसंग मात्र आनंदाचा होता. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस या कंपनीचा डब्ल्यूआरटी-५४जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आला. त्यात लिनक्स होतं. लिनक्सच्या परवान्याची अट अशी की, ते वापरून केलेल्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर मागणाऱ्याला द्यायचा. हौशी मंडळींनी तो मागितला आणि २००३ साली कंपनीने तो खुला केला. या राउटरच्या सेटिंगच्या पानांत पिंग नावाची एक तपासणी होती. एखादा दूरचा संगणक जागा आहे का, हे हाक मारून बघण्याची ती युक्ती. मायकेल म्यूस यांनी ती १९८३ साली तयार केली आणि सोनार यंत्राच्या आवाजावरून तिला नाव दिलं. पानावरच्या रकान्यात ज्याला हाक मारायची त्या संगणकाचा पत्ता लिहायचा. राउटर तो पत्ता 'पिंग' या शब्दाला जोडायचा आणि आख्खी ओळ शेलच्या हाती द्यायचा. म्हणजे आपली वाण्याची चिठ्ठीच! हौशी मंडळींनी पत्त्याच्या जागी आज्ञा लिहून पाहिल्या आणि राउटरने त्या पाळल्या. या वाटेने लोक आपल्याच पेटीच्या आत शिरले आणि तिच्यात स्वतःचं सॉफ्टवेअर घालू लागले. २००४ साली सुरू झालेला ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प याच मंडळींच्या खटपटीतून उभा राहिला आणि आजही चालू आहे.

यात कोणाचं नुकसान झालं नाही. पेटी त्यांची, घर त्यांचं. पण घरमालकाला ज्या खिडकीतून आत शिरता येतं, तिथून चोरालाही शिरता येतं. हा धडा तेव्हाच घेता आला असता.

तो किती महाग पडू शकतो, हे २०१६ साली दिसलं. त्या वर्षी मिराई नावाचा एक उपद्रवी कार्यक्रम धुमाकूळ घालत होता. कारखान्यातून आलेला पासवर्ड ज्यांनी बदललेला नाही असे कॅमेरे आणि राउटर तो शोधायचा, ताब्यात घ्यायचा आणि त्यांची फौज करून एखाद्या ठिकाणावर निरोपांचा भडिमार करायचा. सप्टेंबरअखेर त्याच्या कर्त्याने त्याचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला केला. मग ज्याला त्याला आपापली फौज उभारता येऊ लागली.

त्यानंतर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आयर्लंडमधल्या एका मॉडेममधला दोष जाहीर झाला. पेटीला अचूक वेळ लागते. १९८५ साली डेव्हिड मिल्स यांनी मांडलेल्या पद्धतीने ती इंटरनेटवरच्या एखाद्या वेळदर्शक संगणकाला वेळ विचारते. त्या संगणकाचं नाव पेटीत नोंदवून ठेवायचं असतं. जोडणीला आलेल्या माणसाला घरात बसून असल्या नोंदी करता याव्यात, म्हणून एक सोय ठेवलेली होती. ती फक्त घराच्या आतून चालायला हवी होती. काही पेट्यांत मात्र ती बाहेरूनही चालत होती आणि पासवर्डही विचारत नव्हती. वेळदर्शक संगणकाच्या नावाच्या रकान्यात काय आलं आहे, हेही कोणी तपासत नव्हतं. नावाच्या जागी आज्ञा लिहायच्या, मध्ये अर्धविराम द्यायचे, की पेटी बाहेरून घातक कार्यक्रम स्वतःच उतरवून घेई आणि चालू करी.

रविवारी, २७ नोव्हेंबर २०१६ रोजी जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांच्या पेट्या बंद पडल्या. त्यांच्यापैकी अनेकांचा दूरध्वनी आणि टीव्हीसुद्धा त्याच पेटीतून चालत असल्यामुळे तेही गेले. गंमत अशी की, पुढे तपासात दिसलं की त्या जर्मन पेट्या हल्लेखोराच्या ताब्यात गेल्याच नव्हत्या. घुसवलेल्या आज्ञा त्यांनी पाळल्या नाहीत, पण दारावर पडणाऱ्या थापांचा मारा सहन न होऊन त्या ठप्प झाल्या.

फेब्रुवारी २०१७ मध्ये लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळावर एका ब्रिटिश तरुणाला अटक झाली. जुलैमध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या न्यायालयाने त्याला एक वर्ष आठ महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. त्याने गुन्हा कबूल केला होता. त्याला जर्मनीशी काही देणंघेणं नव्हतं. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात एका दूरसंचार कंपनीला नामोहरम करण्यासाठी त्याला पैसे मिळाले होते आणि त्यासाठी त्याला पेट्यांची फौज वाढवायची होती. त्या कामगिरीबद्दल जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने त्याला बत्तीस महिन्यांचा तुरुंगवास सुनावला.

या साखळीचा जरा विचार करा. आज्ञा देणारा एक, नुकसान झालेले लायबेरियातले लोक, हाल झालेले जर्मनीतले लोक. आणि शस्त्र कोणाचं? कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी घरातली, टीव्हीमागची पेटी. त्या घरच्या माणसांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांचं इंटरनेट चालू होतं, दिवे हिरवे होते.

जर्मनीतल्या प्रसंगाला पंधरा दिवस होतात न होतात, तोच नेटगिअर कंपनीच्या काही राउटरमध्ये असाच दोष जाहीर झाला. वेब पत्त्यातच अर्धविराम देऊन पुढे आज्ञा लिहिली, की पेटी ती पाळत असे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८८ पासून सर्ट नावाचं संगणक सुरक्षेचं केंद्र आहे. दुरुस्ती येईपर्यंत हे राउटर वापरणंच थांबवण्याचा विचार करा, असा सल्ला त्या केंद्राने दिला. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली. आपल्याकडेही जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांच्या मॉडेमवर हल्ला झाला, तेव्हा कारखान्याचा पासवर्ड बदला, असं ग्राहकांना सांगावं लागलं. तो दोष वेगळा, पण दुर्लक्ष तेच.

मी अनेक वर्षं विद्यार्थ्यांना संगणक शिकवला. रकान्यात आलेला मजकूर तपासून घ्या, शेलच्या हाती आख्खी ओळ देऊ नका, हे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही सांगता येतं. मग हा दोष इतकी वर्षं का टिकला? माझ्या मते कारण तांत्रिक कमी आणि व्यवहाराचं जास्त आहे. पेटी विकली की बनवणाऱ्याला पैसे मिळतात. त्यानंतर पाच वर्षं तिची देखभाल करण्याचे वेगळे पैसे त्याला कोणी देत नाही. जोडून देणारा म्हणतो, पेटी कंपनीची. कंपनी म्हणते, दुरुस्ती आमच्या संकेतस्थळावर ठेवली आहे. आणि घरमालकाला तर दुरुस्ती असते, हेच माहीत नसतं.

ही स्थिती हळूहळू बदलते आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून अशा वस्तूंना सरसकट एकच सोपा पासवर्ड देण्यास कायद्याने बंदी आहे आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किती काळ मिळतील, हे सांगणं बंधनकारक आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या कायद्याची मुख्य कलमं डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची आहेत. आपल्याकडे सर्ट-इन ही सरकारी यंत्रणा २००४ पासून अशा धोक्यांच्या सूचना काढते. पण सूचना वाचणारं घरात कोणी तरी हवं ना?

हे बोलण्यापूर्वी मी माझी स्वतःची पेटी उघडून पाहिली. मुलांना वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या माझ्या घरातली पेटी सहा वर्षं जुनी निघाली. सॉफ्टवेअर विकत घेतलं त्या दिवसाचंच होतं आणि त्या मॉडेलच्या दुरुस्त्या कंपनीने कधीच थांबवल्या होत्या. पासवर्ड खाली चिकटवलेल्या कागदावरचाच. मला लाज वाटली. मी पेटी बदलली. नवी जोडायला आलेल्या मुलाला विचारलं, "अरे, हिचं सॉफ्टवेअर नवं कोण करणार, आणि किती वर्षं?" तो म्हणाला, "काका, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं." मग त्याने फोन लावून चौकशी केली, पेटीतली आपोआप दुरुस्तीची सोय चालू केली आणि पासवर्ड बदलून दिला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.