पडणे वेगळे, उतरवणे वेगळे

श्रोतेहो, २०२२ सालच्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, दिवेलागणीनंतर विदर्भाच्या आकाशातून पेटते तुकडे सरकत गेले. आपल्या यवतमाळच्या शेजारी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचं एक भलं मोठं कडं येऊन पडलं. व्यास सुमारे ३ मीटर! फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी अग्निबाणाचा तो भाग असावा, असे जाणकारांनी ठरवले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

वडीलधाऱ्यांना १९७९ सालचे स्कायलॅब आठवत असेल. अमेरिकेची ही सुमारे ७५ टनांची अंतराळ प्रयोगशाळा कुठं पडेल, या धास्तीने आपल्याकडेही लोक आभाळाकडे पाहत होते. ११ जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तिला हवे तिथे उतरवील असे इंजिनच तिच्यावर नव्हते.

भरलेली बंडी उतारावरून आपोआप खाली येतेच. प्रश्न असतो कासरा कोणाच्या हातात आहे, याचा. उपग्रहाचेही तसेच. त्याचे इंजिन गतीच्या उलट दिशेने चालवले, की वेग कमी होतो आणि कक्षा खाली येते. शेवटचा झटका नेमक्या वेळी दिला, म्हणजे तो दाट हवेत शिरून बराचसा जळतो आणि उरलेले तुकडे निर्जन समुद्रात पडतात. रशियाने २३ मार्च २००१ रोजी सुमारे १३० टनांचे ‘मीर’ स्थानक असेच प्रशांत महासागरात उतरवले.

आपल्या शास्त्रज्ञांनीही हे करून दाखवले आहे. भारत आणि फ्रान्स यांचा ‘मेघा-ट्रॉपिक्स’ हा सुमारे १००० किलो वजनाचा उपग्रह १२ ऑक्टोबर २०११ रोजी सोडण्यात आला. उष्ण कटिबंधातील ढगपाण्याचा अभ्यास हे त्याचे काम. म्हणजे आपल्या कोरडवाहू कापूसवाल्याच्याच जिव्हाळ्याचे! काम संपल्यावर तो शंभराहून अधिक वर्षे वरच फिरत राहिला असता. असा उतरवण्यासाठी तो बांधलेलाही नव्हता. परंतु टाकीत सुमारे १२५ किलो इंधन शिल्लक होते. ऑगस्ट २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कक्षा खाली आणत, ७ मार्च २०२३ रोजी इस्रोने तो प्रशांत महासागरावर उतरवला.

शिक्षकबंधुभगिनींनो, मुलांना हे जरूर सांगा. लाडबोरीला माणसे वाचली ती दैवाने. प्रशांत महासागरावर दैवाची गरज पडली नाही, कारण तिथे इंधन शिल्लक होते आणि हिशेब चोख होता. वर पाठवतानाच खाली आणण्याची तजवीज करावी, हे शहाणपण जगाला अजून पुरते अंगवळणी पाडायचे आहे.