शिरढोण परिसरातील खाद्यपरंपरा

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात कर्णाळा किल्ल्याच्या परिसरातील शिरढोण (वासुदेव बळवंत फडके यांचे १८४५ मधील जन्मगाव) व आसपासच्या गावांची भात, वाल आणि मासळी यांवर आधारलेली आहारपद्धती. तिचे मूळ येथील पीकक्रमात आहे, खरिपातील भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल घेतला जातो, त्यामुळे तांदळाची भाकरी, सुकट (सुकवलेली लहान मासळी) आणि मोड आणून सोललेल्या वालाचे बिरडे हे रोजच्या जेवणाचे घटक ठरतात (पहा : आगरी, वाल).

घराबाहेरच्या सामूहिक जेवणाचा ठळक प्रकार म्हणजे पोपटी. हिवाळ्यात मडक्याच्या तळाशी भांबुर्डा या उग्र वासाच्या रानवनस्पतीचा पाला अंथरून त्यावर मीठ व ओवा लावलेल्या वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, अंडी आणि ऐपतीप्रमाणे मसाला लावलेली कोंबडी भरतात, तोंड पाल्यानेच घट्ट बंद करून मडके शेतात उपडे ठेवतात व भोवती पेंढा, गोवऱ्या आणि काटक्या पेटवतात. पाणी किंवा तेल न घालता जिन्नस अंगच्या वाफेवर शिजतात; भांबुर्ड्याला पर्याय मानला जात नाही. दक्षिण गुजरातेतील उंबाडियू हा याच्याशी साम्य असलेला प्रकार होय.

मुंबई–गोवा महामार्ग आणि कर्णाळा पक्षी अभयारण्य यांमुळे परिसरात प्रवाशांसाठी खानावळी व ढाबे वाढले, तर पोपटी आता शेतघरांवर मागणीनुसारही लावली जाते (पहा : कर्णाळा, पनवेल).