अकोल्याची माणसे आणि देशाचा धूर

मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याच्या परिसरातील भातखाचरांत राब भाजला जातो. वाळलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण जमिनीवर पसरून पेटवायचे आणि पहिल्या पावसानंतर त्या राखेच्या जमिनीत भाताचे बी टाकायचे. हा धूर पाहून ‘माणसे वाढली, म्हणून डोंगर जळाला’ असे म्हणण्याची रीत इंग्रजी अमदानीतील वनखात्याइतकी जुनी आहे. आता ‘डोंगर’ जाऊन ‘हवामान’ आले, एवढाच फरक. लोकसंख्या आणि कार्बन उत्सर्जन यांचे नाते खरोखर कसे आहे, हे आजच्या धाग्यात अकोले तालुक्यातून पाहू.

आधी डोकी मोजू. नगर जिल्ह्याची लोकसंख्या १९११ मध्ये नऊ लाखांवर होती. १९२१ मध्ये ती साडेसात लाखांच्याही आत आली. मधल्या काळात १९१८ चा दुष्काळ आणि त्याच वर्षीची इन्फ्लुएंझाची साथ होऊन गेली होती. संपूर्ण देशाचीही लोकसंख्या त्या दशकात किंचित घटली. म्हणून लोकसंख्याशास्त्रज्ञ १९२१ ला ‘महाविभाजक वर्ष’ म्हणतात: त्याआधी दुष्काळ आणि साथी वाढ गिळून टाकत, त्यानंतर वाढ थांबली नाही.

योगायोग असा, की नेमक्या याच काळात अकोले तालुक्यात शेंडीजवळ प्रवरेवर भंडारदरा धरण उभे राहत होते. काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. पाणी अडले अकोल्यात. भिजली मात्र खालची जमीन. कालव्यांच्या काठाने ऊस आला, बेलापूर रोड स्थानकाभोवतीच्या वस्तीचे श्रीरामपूर झाले, १९५० मध्ये लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जिल्ह्याची लोकसंख्या १९५१ मध्ये सुमारे १४ लाख होती, ती २०११ मध्ये ४५ लाखांवर पोहोचली. अकोले तालुका मात्र २०११ मध्येही तीन लाखांच्या आतच होता.

आता धूर मोजू. १९५१ ते २०११ या साठ वर्षांत भारताची लोकसंख्या ३६ कोटींवरून १२१ कोटींवर गेली, म्हणजे साधारण ३.३ पट झाली. याच काळात कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून होणारे देशाचे कार्बन उत्सर्जन पंचवीसपटींहून अधिक वाढले. दोन्ही वाढी सोबत झाल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरते असे नाही. हिशेब सोपा आहे: माणसे तिप्पट झाली, पण एकेका माणसामागचा धूर जवळजवळ आठपट झाला. जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांनी हेच एका सूत्रात मांडले. उत्सर्जन म्हणजे लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, त्या उत्पन्नासाठी लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेतील कार्बन, या चौघांचा गुणाकार. गुणाकारात लोकसंख्या आहेच, ती शून्य धरता येत नाही. पण बाकीचे तिघे लहान असतील, तर मोठी लोकसंख्याही हलकी पडते. आजही सरासरी भारतीयाचे वार्षिक उत्सर्जन सुमारे दोन टन आहे. अमेरिकेतील माणसाचे चौदा टनांच्या आसपास.

या सूत्रात एक उणीव आहे, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. ते सर्व माणसे सारखी धरते. प्रत्यक्षात माणूस कोणत्या वयाचा, किती जणांच्या घरात आणि कुठे राहतो, यावर त्याचा धूर ठरतो. २००१ ते २०११ या दशकात देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली, पण कुटुंबांची संख्या २८ टक्क्यांहून अधिक वाढली. घरे फुटली, चुली वेगळ्या झाल्या. सहा जणांच्या एका घरात एक फ्रिज पुरतो. तिघांच्या दोन घरांना दोन लागतात. महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १.७ इतका खाली आला, म्हणजे पिढी भरून निघण्यास लागणाऱ्या २.१ च्याही खाली. तरीही राज्यातील घरे आणि गाड्या वाढतच आहेत.

ब्रायन ओ’नील आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास याविषयी प्रसिद्ध आहे. लोकसंख्यावाढ मंदावली, तर २०५० पर्यंत घातक हवामानबदल टाळण्यासाठी लागणाऱ्या कपातीचा १६ ते २९ टक्के भाग त्यातून मिळू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे वाटा आहे, पण मोठा भाग अन्यत्रच शोधावा लागणार. त्याच अभ्यासानुसार वृद्धत्व काही देशांत उत्सर्जन वीस टक्क्यांपर्यंत कमी करू शकते, तर शहरीकरण काही ठिकाणी ते पंचवीस टक्क्यांहून अधिक वाढवू शकते.

आता पुन्हा अकोल्याकडे. भातकापणी उरकली, की डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे मजुरीसाठी जुन्नर-नारायणगावाच्या बागायतीकडे उतरतात. हा मजूर पिकवतो तो टोमॅटो ट्रकने मुंबईला जातो. त्या डिझेलचा धूर कोणाच्या नावे लिहायचा? राबाचा धूर डोळ्यांना दिसतो. पण त्यातील कार्बन त्या फांद्यांनी गेल्या काही वर्षांत हवेतूनच घेतलेला असतो आणि झाड पुन्हा फुटले तर परत घेतला जातो. कोळशाचे तसे नाही. अर्थात झाड पुन्हा फुटले तरच, ही अट खरी आहे. जमीन तुटपुंजी झाली की जंगलावर ताण येतोच. चुलीच्या धुराने बायकांच्या छातीचे जे होते, तेही या हिशेबात मावत नाही. पण १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाल्यावर निर्बंध सोसले ते याच गावांनी.

तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघरला, २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. मागणी कमी असते तेव्हा जाळ्यातील वीज वापरून पाणी कोकणच्या तळातून घाटमाथ्यावर चढवायचे आणि मागणी चढली की ते खाली सोडून वीज करायची. पाणी चढवण्यास लागणारी वीज खाली येताना मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्त असते. शहरांची गर्दीची वेळ निभावण्यासाठी हा तोटा पत्करला जातो. मुंबई, पुणे, नाशिक येथे माणसे एकवटली आणि संध्याकाळी एकाच वेळी दिवे, पंखे, एसी लावू लागली, याची नोंद घाटघरच्या पाणपातळीत रोज होते. २०११ मध्ये देशातील तिसऱ्या हिश्श्याइतकी कुटुंबे दिव्यासाठी विजेवर अवलंबून नव्हती, हेही त्याच वेळचे चित्र आहे.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकाने ठरली आहे. त्याआधीच्या फेब्रुवारीत प्रगणक डोंगरपट्ट्यातील वाड्यांवर पोहोचतील, तेव्हा अनेक घरांना कुलूप असेल आणि घरातली माणसे नारायणगावाकडे बागायतीच्या बांधावर असतील.