पायी पाहिलेले पुणे

श्रोतेहो, आजच्या भाषणाचे निमित्त अगदी घरगुती आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या पिंपरीच्या वस्तीतील बारा मुलामुलींनी जुने पुणे पाहण्याचा बेत केला. वये तेरा ते सोळा. बेत ठरला, वार ठरला, आणि सारे अडले ते मोटारीपाशी. कोणाची मोटार रिकामी नव्हती, कोणाची होती तर हाकणारा रिकामा नव्हता, आणि बाराजणांस पुरेल असे वाहन भाड्याने आणावयाचे तर आईबापांच्या कपाळाला आठ्या पडत होत्या. अखेर एका मुलीचे आजोबा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही जन्मभर इतिहास शिकविलात. आता तुम्हीच यातून वाट काढा." मी म्हटले, "वाट काढावयास कशाला हवी? ती आहेच. मुलांना पाय आहेत ना?"

हे मी थट्टेने बोललो खरा, पण त्यामागे एक जुना अनुभव होता. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी माझा सातवीचा वर्ग भाड्याच्या गाडीतून पुण्यास नेला होता. एका दिवसात अकरा ठिकाणे पाहावयाची, असा माझा हट्ट. दुसऱ्या दिवशी मुलांस निबंध लिहावयास सांगितला. चाळीसांपैकी तिसाहून अधिक वह्यांत गाडीत म्हटलेल्या गाण्यांचे वर्णन होते, आणि एका मुलाने शनिवारवाडा पर्वतीवर आहे असे लिहिले होते. दोष त्याचा नव्हता. गाडीत बसविले, उतरविले, पुन्हा बसविले. एका ठिकाणाचा दुसऱ्याशी काय संबंध हे त्याला कळावे कसे? दोहोंमधील रस्ता त्याने पाहिलाच नव्हता.

वास्तविक जुने पुणे हे पायी चालणाऱ्यांचे शहर आहे. कसबा ही त्यातील मूळ वस्ती. पुढे पेशवाईत तिच्याभोवती एकामागून एक पेठा वसत गेल्या. सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या नावाच्या पेठा आजही नांदत आहेत. देवदर्शन, बाजार, कचेरी, पाणवठा, सारे काही पायांच्या टापूत असावे, अशीच त्यांची रचना. म्हणून ज्याच्यापाशी मोटार नाही त्याने येथे स्वतःस उणे मानण्याचे कारण नाही. या गल्ल्यांत मोटारच अडचणीची होते.

मग आम्ही आखणी केली ती अशी. ठिकाणे अकरा नव्हेत, सातच घ्यावयाची. आणि शक्य तितकी काळाच्या क्रमाने घ्यावयाची. बारा मुलांच्या तीन टोळ्या केल्या, प्रत्येकीचा एक नायक. प्रत्येक ठिकाणाची माहिती आधी वाचून एकाने तेथे उभे राहून सांगावयाची. मी फक्त चुकले तर सुधारावयाचे. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली, डोक्यास टोपी, घरचा पोळीभाजीचा डबा. सकाळी लौकर निघावयाचे, आणि ऊन चढल्यावर सावलीच्या जागा पाहावयाच्या. शहरापर्यंत पोहोचण्याची चिंता आता राहिलेली नाही. २९ सप्टेंबर २०२४ रोजी भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून पिंपरीत बसलेला मनुष्य थेट कसबा पेठेत जमिनीखालून वर येतो.

कसबा पेठेच्या स्थानकातून आम्ही वर आलो, तो जवळच्या चौकाचे नाव फडके हौद. मुलांनी इकडे तिकडे पाहिले. वाहनांच्या गर्दीत हौद काही दिसेना. "गुरुजी, हौद कोठे आहे?" मी म्हटले, "नाव लक्षात ठेवा, हौदाचे पुढे पाहू."

प्रथम कसबा गणपतीचे दर्शन घेतले. हे पुण्याचे ग्रामदैवत. या देवळाच्या उभारणीशी जिजाबाईंचे नाव जोडलेले आहे. तेथून हाकेच्या अंतरावर लाल महाल. येथे मुलांस एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. आज दिसते ती इमारत महानगरपालिकेने बांधलेली असून ती १९८८ साली पुरी झाली. शिवाजीमहाराजांनी एप्रिल १६६३ मध्ये ज्या महालात शिरून शाहिस्तेखानाची बोटे छाटली, तो महाल आता नाही. ज्या मुलाकडे ही माहिती होती तो हिरमुसला. मी त्याला म्हणालो, "भिंती नव्या असल्या तरी जागा तीच आहे. येथून सिंहगड कोणत्या दिशेस, ते दाखव पाहू." त्याने दाखविले, आणि मग त्या रात्रीची धाडसी चाल त्याने अशी सांगितली की रस्त्याने जाणारे दोघे थांबून ऐकू लागले.

शनिवारवाडा तेथून पाच मिनिटांवर. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, याचा पाया घातला आणि १७३२ मध्ये वाडा राहावयास तयार झाला. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरील अणकुचीदार खिळे हत्तींच्या धडकेसाठी आहेत, हे मुलांस फार आवडते. १७७३ च्या ऑगस्टात याच वाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी यावर इंग्रजांचे निशाण चढले. आणि फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या आगीत आतील वाडा जळून खाक झाला. आज उरले आहेत ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्याचे हौद.

त्या कारंज्यापाशी उभे राहून मी माझा आवडता विषय काढला. नानासाहेब पेशव्यांनी सुमारे १७५० साली कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने पुण्यात आणले. यंत्र नाही, पंप नाही. केवळ उताराच्या जोरावर पाणी कित्येक मैल चालत आले. वाटेत गाळ बसावा, हवा सुटावी, यांची सोय केलेली. हे पाणी वाड्यात आले तसे शहरातील हौदांतही आले. काळा हौद, बदामी हौद ही नावे आजही पुणेकरांच्या तोंडी आहेत. मी म्हणालो, "सकाळी विचारलेत ना, हौद कोठे? असे हौद गावभर होते. पेशव्यांनी साऱ्या पुण्याला पाणी पाजले."

तेव्हा आमच्यातील चौदा वर्षांची एक मुलगी, जी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, तिने विचारले, "साऱ्या पुण्याला, गुरुजी? ज्यांना हौदाला हात लावू देत नव्हते, ते पाणी कोठून आणीत?"

श्रोतेहो, मी तीस वर्षांहून अधिक काळ इतिहास शिकविला. कात्रजचा नळ मी फळ्यावर काढून दाखवीत असे; त्याचा उतार समजावून सांगत असे. "साऱ्या पुण्याला" हे शब्द मी किती वेळा उच्चारले असतील याची गणती नाही. अस्पृश्य मानलेल्या लोकांस सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू देत नसत, हेही मला ठाऊक होते आणि तेही मी शिकवीत होतो. परंतु निराळ्या धड्यात, निराळ्या तासाला. ही दोन वाक्ये शेजारी ठेवण्याचे मला कधी सुचले नाही. त्या मुलीला सुचले. मी तिला एवढेच म्हणालो, "बाळ, माझे वाक्य चुकले. उत्तर आपण चालत जाऊन पाहू."

आमचा मूळ बेत असा की मंडईपर्यंत चालावे आणि तेथून बसने पर्वतीस जाऊन दिवस संपवावा. तो मी तेथेच बदलला. भाड्याची गाडी असती तर हाकणारा कुरकुरला असता. पाय कुरकुरले नाहीत.

वाड्यापासून सरळ दक्षिणेस गेले की बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर भिडे वाड्याची जागा लागते. येथे १८४८ साली जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. जुना वाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला, तेव्हा पाहावयास जुने असे काही नाही. पण मी मुलांस हिशेब घातला : सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, तर शाळा निघाली तेव्हा त्यांचे वय किती? "सतरा!" असे चारपाच आवाज आले, आणि मग सारी एकदम गप्प झाली. आपल्याहून एक-दोन वर्षांनी मोठी, हे त्यांच्या ध्यानी आले असावे.

उन्हाची वेळ आम्ही विश्रामबागवाड्याच्या कोरीव लाकडी दर्शनी भागासमोर आणि तुळशीबागेतील राममंदिराच्या सावलीत घालविली. दुसऱ्या बाजीरावाचा हा विलासी वाडा; पेशवाई बुडाल्यावर तीन वर्षांतच, १८२१ मध्ये, तेथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. डबे उघडले, पोळीभाजी वाटून खाल्ली. मग मंडई. ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने सुरू झाली. तिच्या खर्चास जोतीरावांनी विरोध केला होता आणि पुढे तिलाच त्यांचे नाव देण्यात आले, हे ऐकून मुले खूप हसली.

येथून गंज पेठेकडे वीस मिनिटांची चाल. तिचे आजचे नाव महात्मा फुले पेठ. फुले वाड्यात शिरल्यावर प्रथम जाणवते ती त्याची साधेपणाची बैठक : कौले, लाकडी खांब, लहान खोल्या, आणि आवारात जोतीरावांची समाधी. मी त्या मुलीला पुढे बोलाविले. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला, हे तिने तेथे मोठ्याने वाचून दाखविले. वाचून झाल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे कात्रजचे पाणी पुण्यात आल्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी." मी म्हटले, "होय. आणि तेही सरकारने नव्हे, एका गृहस्थाने, स्वतःच्या दारात."

तेथून आम्ही चालतच स्वारगेटला गेलो आणि मेट्रोने दिवेलागणीच्या आत घरी पोहोचलो. दिवसभरात चालणे झाले ते सारे मिळून पाच-सहा किलोमीटर. पाय दुखले म्हणून कोणी तक्रार केली नाही. एकाची टोपी मात्र मंडईत राहिली.

ज्या घरी अशी मुले आहेत त्या घरच्या वडीलधाऱ्यांस माझी विनंती आहे. मोटार नाही म्हणून बेत मोडू नका. ठिकाणे थोडी घ्या, क्रम काळाचा धरा, माहिती मुलांकडूनच वदवा, आणि दोन ठिकाणांमधील रस्ता त्यांच्या पायाखालून जाऊ द्या. शनिवारवाड्याच्या कारंज्यापासून फुल्यांच्या हौदापर्यंत सुमारे दोन किलोमीटरांची वाट आहे. ती मी मुलांबरोबर प्रथमच चाललो, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. गाडीतून गेलो असतो तर त्या मुलीला प्रश्न विचारण्यास अवकाश मिळाला नसता, आणि माझे ते चुकलेले वाक्य तसेच राहून गेले असते.