तारकाम आणि मोड

सुवर्णाची चर्चा आपल्याकडे बहुधा तोळ्यांत होते, कारागिरीची क्वचितच. म्हणूनच सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात, तराजूत न मावणाऱ्या तारकामाविषयी चार शब्द लिहीत आहे.

शुद्ध सोने व रुपे अत्यंत मऊ. उत्तरोत्तर लहान होत जाणाऱ्या छिद्रांच्या पोलादी पट्टीतून ओढून त्याची केसासारखी तार काढतात. दोन तारा पिळून किंचित चपट्या केल्या की कडेला दोरीसारखी नक्षी उमटते. जाड तारेच्या चौकटीत या बारीक तारेची वेटोळी बसवायची आणि टाकणखार लावून, फुंकणीच्या ज्योतीने झाळायची. ज्योत क्षणभर अधिक रेंगाळली तर सारी जाळी वितळते.

या कलेत ओडिशातील कटक व तेलंगणातील करीमनगर ही नावे अग्रगण्य. कटकच्या तारकसीस 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. तथापि तार ओढण्याची विद्या आपल्या जिल्ह्यास परकी नव्हती. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये पुण्यातील सोन्यारुप्याच्या तारेच्या व्यवसायाचे वर्णन आहे. ही तार मुख्यत्वे जरीकडे वळली. सोनेरी मुलामा दिलेली रुप्याची तार चपटी करून रेशमावर गुंडाळली की जर झाली. कापडाच्या व्यापारात आयुष्य गेल्याने माझी व या कलेची ओळख सराफकट्ट्यावर नव्हे, पैठणीच्या पदरात झाली. त्या पदरांचेही भाग्य निराळे नाही. जुनी पैठणी जाळून चांदी काढणारे आजही भेटतात.

1963 च्या सुवर्ण नियंत्रणाने नव्या दागिन्यांस 14 कॅरेटची मर्यादा घातली. कस उतरला की तार कडक होते. अनेक सोनारांनी त्या काळात धंदाच सोडला. पुढे नियम शिथिल झाले, 1990 मध्ये कायदाही रद्द झाला. परंतु सुटलेला हात पुन्हा बसणे कठीण.

बारामती-इंदापूरच्या पेठांत लग्नसराई आली की आजीचा दागिना मोडीत देऊन नवा घडविण्याची आपली रीत. व्यवहार म्हणून ती चोख आहे. पण मोडीत धातूचे मोल होते, घडणावळीचे शून्य. तारकामात सांधे असंख्य, म्हणून झाळ अधिक आणि घटही अधिक. वजन मुळातच हलके. साहजिकच घरात सर्वांत आधी मोडतो तो हाच दागिना.

देण्यापूर्वी तो भिंगाखाली धरावा. ओतीव नक्कल असेल तर सांधे भरलेले व मागची बाजू सपाट दिसते. हातकामात दोन तारांचा पीळ स्पष्ट दिसतो आणि दोन वेटोळी सहसा हुबेहूब सारखी नसतात.