एकांतोपासना (ख्रिस्ती)

मंदिरातील सामुदायिक उपासनेखेरीज ख्रिस्ती मनुष्य आपल्या घरी, एकट्याने व नियत वेळी जी प्रार्थना, जे शास्त्रवाचन, मनन व आत्मपरीक्षण करतो, त्या सर्वांस मिळून ही संज्ञा लावतात. या उपासनेचा मूलाधार मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. लोकांनी पाहावे म्हणून चवाठ्यावर प्रार्थना करणाऱ्यांचा निषेध करून येशूने शिष्यांस दार लावून गुप्तपणे प्रार्थना करण्याची आज्ञा तेथे केली. तो स्वतःही पहाटेच्या अंधारात अरण्यात जाऊन प्रार्थना करी, असे मार्काने नमूद केले आहे. तथापि या एकांतात समुदायापासून फारकत कधीच अभिप्रेत नव्हती. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने प्रभूच्या प्रार्थनेवर लिहिताना, ती म्हणणारा एकटा असला तरी अखिल ख्रिस्तजनांसाठी मागणे मागतो, असे निक्षून सांगितले.

मध्ययुगात ही साधना मुख्यतः मठांत वाढली. बाराव्या शतकातील कार्थूसी संन्यासी दुसरा ग्विगो याने पठण, मनन, प्रार्थना व चिंतन अशा तिच्या चार पायऱ्या सांगितल्या. पूर्वेकडील मंडळीत येशूनामाचा जप रूढ झाला. सोळाव्या शतकात मात्र ती प्रपंचात वावरणाऱ्या माणसाच्या हाती आली. १५३५ मध्ये मार्टिन ल्यूथरने आपल्या पीटर नावाच्या नाभिक स्नेह्यासाठी प्रार्थनेची सोपी रीत लिहून दिली आणि नाभिकाचे चित्त जसे वस्तऱ्यावर, तसे प्रार्थना करणाऱ्याचे शब्दांवर असावे, असे त्यास समजावले. १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या इग्नाशियस लोयोलाच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाने दैनंदिन आत्मपरीक्षणास शिस्तबद्ध रूप दिले.

एकांत आणि समुदाय यांच्या परस्परसंबंधाचा सर्वांत सखोल विचार, आमच्या मते, जर्मन धर्मवेत्ता डीट्रिख बोनहोफर याने केला. नाझी राजवटीस शरण न जाणाऱ्या मंडळीच्या, त्याने चालविलेल्या फिंकेनवाल्ड येथील पाळक-विद्यालयात, १९३५ पासून गेस्टापोने १९३७ साली ते बंद करीपर्यंत, विद्यार्थ्यांस रोज सकाळी अर्धा तास एकाच लहानशा शास्त्रभागावर मौनपूर्वक मनन करावे लागे, आणि तोच भाग आठवडाभर चाले. कित्येक विद्यार्थ्यांस हा नेम जाचक वाटला. खुद्द थोर धर्मवेत्ता कार्ल बार्थ यालाही त्यात मठवासाचा गंध आला. परंतु ज्यास एकटे राहता येत नाही त्याने समुदायापासून सावध असावे, आणि जो समुदायात नाही त्याने एकांतापासून, हा १९३९ च्या ग्रंथात मांडलेला बोनहोफरचा सिद्धांत केवळ पुस्तकी नव्हता. १९४३ मध्ये अटक होऊन तेगेलच्या तुरुंगात पडल्यावर, मोरावियन बंधुमंडळीने १७३१ पासून दरवर्षी छापलेल्या दैनिक वचनांच्या आधारे तो आपली उपासना चालवी, आणि तीच वचने बाहेर त्याचे स्नेहीही वाचीत असत.

मराठीत या साधनेस देशी वाणी देण्याचा मान दोघांकडे जातो. इग्नाशियसनेच स्थापलेल्या येशूसंघातील फादर थॉमस स्टीफन्स याने १६१६ मध्ये ओवीबद्ध ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले. आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग व भजने रचून, परकीय चालींच्या भाषांतरित गीतांवर विसंबलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबास, वारकरी संतांनी घडविलेल्या भाषेत देवाशी बोलण्याची वाट मोकळी करून दिली.