उस्तादांचा खुबा

सध्या मुक्काम जबलपूर.

ट्रेनिंग सेंटरात मला रायफल धरायला शिकवणाऱ्या उस्तादांचा परवा गावाहून फोन आला. २००६ साली ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. लडाखच्या चढणींवर ओझी वाहून उजवा खुबा कायमचा धरलेला. रिलीज मेडिकल बोर्डाने अपंगत्व २० टक्के ठरवलं आणि खाली शेरा मारला, "सेवेमुळे नाही, सेवेत बळावलेलंही नाही." पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग गेला. अपील फेटाळलं, तसे उस्ताद गप्प बसले. "फौजेशी काय भांडायचं?"

या एका शेऱ्याने कित्येकांना रिकाम्या हाती घरी पाठवलं. खरं तर १९८२ चे नियम जवानाच्या बाजूचे होते. भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट आला असं मानायचं. नंतरचा बिघाड नोकरीतला धरायचा. पुरावा देण्याचं ओझं जवानावर नाही, आणि शंकेचा फायदा त्यालाच. पण बोर्ड कारण न लिहिता शेरा मारत.

सिग्नल्सचे धरमवीर सिंग १९८५ ला भरती झाले. १९९४ ला फेफऱ्यामुळे, २० टक्के अपंगत्वावर त्यांना घरी पाठवलं. शेरा तसलाच. ते लढत राहिले. २ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: बोर्डाने कारण दिलं नाही, तर नियमातलं गृहीतक जवानाच्या बाजूने उभं राहतं. डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही राउंडिंगचा लाभ दिला. त्यात २० टक्के अपंगत्व ५० टक्के धरलं जातं.

म्हणजे उस्तादांची वाट मोकळी आहे. २००७ च्या कायद्याने आलेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईतही आहे. मात्र २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर उशिरा येणाऱ्याला थकबाकी सहसा अर्जाआधीच्या तीनच वर्षांची मिळते. गप्प बसण्यात गेलेली वर्षं परत येत नाहीत.

मी म्हटलं, "उस्ताद, भरतीचा मेडिकल फॉर्म आणि बोर्डाची प्रत, दोन्ही शोधा."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "सुभेदार, ट्रंक माळ्यावर आहे. खुब्यामुळे शिडी चढवत नाही. नातवाला चढवतो."

तुमची ट्रंक कुठे आहे?

जय हिंद.